कसर

मे महिन्यातल्या दुपारी कपाट आवरायला काढलं आणि लग्नातल्या कोटाच्या खांद्यावर शर्टाच्या बटणाएवढं भोक दिसलं. खिडकीशी उजेडात धरला, तर आणखी सात. कसर! आतल्या खिशात डांबराची गोळी होती, झिजून वाटाण्याएवढी झालेली.

बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातली हीच ती. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिला कसर आणि जंग खातात. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, हे वचन पाठ करताना मला वाटायचं, ही काटकसरीतलीच कसर. म्हणजे प्रभू येशूचं बोलणं थेट आमच्या आजीला उद्देशून!

आजी गुरुवार पेठेत राहायची, पंचहौद मिशनच्या चर्चची घंटा ऐकू येईल इतक्या जवळ. (त्याच मिशनमध्ये 1890 साली घेतलेल्या चहापायी लोकमान्यांना आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुण्यात एवढा महाग चहा पुन्हा कुणाला पडला नसेल.) एका पातेल्यासाठी ती बोहारणीला तासभर उंबऱ्यात बसवून ठेवी. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरी.

पण कापणीच्या सणाला तिच्या अंगात काय संचारायचं देव जाणे. उपासना संपली की वेदीपुढचे भोपळे, अंडी, शेवग्याच्या शेंगा आवारात लिलावाला यायच्या. एका वर्षी तिनं एक पडवळ पंचवीस रुपयांना घेतलं. बरं, वाकडं. पैसे मोजले, पडवळ परत टेबलावर ठेवलं आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा बोली लागली, पुन्हा हिनंच घेतलं!

"आजी, एकाच पडवळाचे दोनदा पैसे?"

"गप रे. देवाच्या दारात घासाघीस करायची असते होय?"

आणि परतताना मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर पाच पैसे सोडवून घेतले. पडवळ तीन दिवस पुरवलं. बियांचीसुद्धा चटणी झाली.

माझं तसं नाही. मी फारसा खर्चही करत नाही आणि देतही नाही. ठेवतो. हा कोट तीनदा घातला असेल. बाकी वेळ तो 'चांगल्या प्रसंगासाठी' टांगलेला. आता बोहारणीला द्यावा म्हटलं, तर सोसायटीच्या गेटवर फेरीवाल्यांना मनाईची पाटी आहे.

तिथल्याच वॉचमनकाकांनी डिसेंबरात विचारलं होतं, साहेब, जुनं काही गरम आहे का? बघतो म्हणालो होतो.

तेव्हा ही भोकं नसावीत.