उजेड पाडण्याआधी

रिमोटवर चालणारी एक-दशांश मापाची टूरिंग गाडी म्हणजे जेमतेम 45 सेंटिमीटर लांब आणि 19 सेंटिमीटर रुंद. दिवसाउजेडी ती वीस मीटरवरूनही ओळखू येते. ऊन कललं की तीच गाडी काळा ठिपका होते, आणि ठिपक्याला पुढचं-मागचं नसतं. इथेच घात होतो, कारण गाडी आपल्याकडे तोंड करून येत असताना स्टिअरिंग उलटं लागतं: आपल्या डावीकडे न्यायची तर ट्रान्समीटरचं, म्हणजे हातातल्या रिमोटचं, चाक उजवीकडे फिरवायचं. ठिपका येतोय की जातोय हे कळायच्या आत तो कठड्यावर आपटलेला असतो. दोन पांढरे कण दिसले तर येतेय, दोन लाल दिसले तर जातेय. खेळण्यातल्या गाडीच्या दिव्यांचा खरा उपयोग एवढाच. रस्ता दिसण्यासाठी त्यांची गरज कोणालाच नसते, कारण आत कोणी बसलेलंच नसतं.

आणि तरी जवळजवळ सगळे जण काम सुरू करतात ते हेडलाइटपासून! चालवणाऱ्याला गाडीची पाठच जास्त दिसते, म्हणजे जीव ओतायचा तर मागच्या दिव्यांवर. पण पुढून फोटो चांगला येतो, त्याला इलाज नाही.

एलईडी लावणं सोपं आहे. तिचा उजेड जिथे नको तिथे जाऊ न देणं अवघड. बहुतेक बॉडी, म्हणजे गाडीची वरची टरफलं, पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे ज्याला सगळे लेक्झान म्हणतात त्या पारदर्शक पातळ पत्र्याच्या असतात, आणि त्यांना रंग आतून मारतात. बाहेरून चकचकीत दिसणारा तो लाल किंवा पिवळा थर आतल्या एलईडीला पडद्याइतकाही आडवा येत नाही. हेडलाइट लावला की अख्खं बॉनेट कंदिलासारखं उजळतं. ‘काय उजेड पाडलास’ हे वाक्य अशा वेळी शब्दशः खरं ठरतं. उपाय रंगाच्या वेळीच करावा लागतो: मूळ रंग सुकला की त्यावर चंदेरी थर, आणि त्यावर काळा. चंदेरी मधे हवाच, नाहीतर काळ्याची छटा पिवळ्या-पांढऱ्या रंगाला बाहेरून मळकट करते. दिव्यांच्या काचा रंगण्याआधी आतून मास्किंग टेपने झाकून घ्यायच्या. मागच्या काचांना टेप काढल्यावर पारदर्शक लाल मारतात. तामियाच्या पॉलिकार्बोनेट रंगांमध्ये तो पीएस-37 या नावाने मिळतो. दोन हलके हात पुरतात. तिसऱ्या हाताला काच काळपट होते आणि ब्रेक लाइट लागला की नाही हे उन्हात कळेनासं होतं.

बॉडीसोबत लाइट बकेट, म्हणजे दिव्याच्या मागे बसणारी प्लॅस्टिकची वाटी, मिळाली असेल तर अर्धं काम झालं. ड्रिफ्टच्या, म्हणजे घसरत वळणाऱ्या गाड्यांच्या, चांगल्या बॉडींसोबत ती येते आणि तिला 3 किंवा 5 मिलिमीटरची भोकं असतात. नसेल तर काळ्या जाड कागदाची किंवा स्ट्रॉच्या तुकड्याची नळी करून एलईडीभोवती बसवायची. पुष्कळ जण बॉडीच्या आत ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात. उजेड ती उत्तम अडवते, पण वीजही तितकीच उत्तम वाहून नेते. एलईडीचे उघडे पाय तिला टेकले की शॉर्ट, आणि मग रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरसकट सगळी गाडी मुकी. पायांवर आधी हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी, मग पट्टी.

भोकं पाडायची वेळ आलीच तर ड्रिलचं पातं वापरू नये. ते पातळ पत्र्यात अडकतं, पत्रा ओढतं, आणि पडलेल्या दातेरी कडेतून पुढच्या धडकेत चीर निघते. निमुळता बॉडी रीमर, म्हणजे भोक हळूहळू मोठं करणारं हत्यार, हाताने फिरवत न्यावा आणि दर दोन फेऱ्यांनी एलईडी लावून पाहावी. चिकटवायला फेविक्विक जातीचे गोंद काचेजवळ आणू नयेत: त्यांची वाफ पारदर्शक भागावर पांढरी धुरकट साय धरते आणि ती पुसून जात नाही. थिनर-ॲसिटोनने पुसायला जाल तर काचच जाईल. हॉट ग्लू सोयीचा, पण मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॉडी ठेवली की मऊ पडतो आणि एलईडी मान टाकते. बूट चिकटवायचा लवचीक रबरी गोंद रात्रभर सुकवला तर धडकेतही टिकतो.

आता हिशेब. रिसीव्हरला ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीतल्या) बीईसीकडून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागाकडून, साधारण 6 व्होल्ट मिळतात. पांढरी एलईडी सुमारे 3.2 व्होल्ट घेते, लाल सुमारे 2. उरलेले व्होल्ट रेझिस्टरने गिळायचे. 20 मिलिअँपिअरसाठी पांढरीला 6 वजा 3.2, भागिले 0.02, म्हणजे 140 ओहम. बाजारात मिळतो 150. लालला 200 येतात, तिथे 220 लावायचा. पाव वॅटचा रेझिस्टर भरपूर झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मूठभर घेतले तरी खिशाला चटका बसत नाही, म्हणून रेझिस्टर वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. दोन लाल एका ओळीत जोडून एक 100 ओहम लावला तर चालतं. दोन पांढऱ्या एका ओळीत 6.4 व्होल्ट मागतात, त्या 6 व्होल्टवर नीट पेटणारच नाहीत. आणि एक लाल, एक पांढरी समांतर जोडून दोघींत एकच रेझिस्टर दिला तर लाल व्होल्टेज 2 वर खेचून धरते आणि पांढरी अंधारात बसते. मग माणूस पांढरी जळाली समजून ती बदलतो, नवीही पेटत नाही, आणि दुकानदाराला शिव्या पडतात.

हा हिशेब 6 व्होल्टचा आहे हे मात्र विसरलं जातं. पुढे कोणीतरी स्टिअरिंग वळवणारा वेगवान सर्वो बसवतो आणि त्यासाठी बीईसी 7.4 वर नेतो. त्याच 150 ओहममधून पांढरीला आता 28 मिलिअँपिअर जातात. लगेच काही होत नाही. काही दिवसांनी एकेक डोळा मंद होत जातो.

मुळात 20 मिलिअँपिअर हवेतच कशाला? पारदर्शक टोपीची 5 मिलिमीटरची एलईडी एवढ्या प्रवाहावर टॉर्चसारखी बोचते. पांढरीला 470 ओहम लावून 6 मिलिअँपिअरवर आणली आणि तिची टोपी 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धुरकट केली, तर काच भरून उजेड दिसतो. जुन्या जीप किंवा बीटलच्या बॉडीला निळसर पांढरी एलईडी लावणं म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्‌स शूज. तिथे वॉर्म व्हाइटच शोभते.

मागे एकाच लाल एलईडीकडून दोन कामं घेता येतात. टेल लाइट म्हणून 2.2 किलोओहममधून जेमतेम 2 मिलिअँपिअर, आणि ब्रेकला 220 ओहममधून 18. फरक एवढा मोठा ठेवावा लागतो, कारण डोळा हिशेबाने बघत नाही. निम्मा प्रवाह केला तर उजेड निम्मा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो.

वीज घ्यायची ती रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलमधून. मधली पिन धन, एका कडेची ऋण. बारा एलईडी पूर्ण जोरात लावल्या तरी पाव अँपिअरच्या आत खर्च बसतो. काही जण थेट लायपो बॅटरीच्या बॅलन्स लीडवरून, म्हणजे चार्जिंगच्या बारीक तारांवरून, तार काढतात. ती सवय वाईट, कारण बॅटरी संपत आली की ईएससी मोटरची वीज तोडते, पण असे दिवे ईएससीच्या ताब्यात नसतात. ते रात्रभर पेटत राहतात आणि सकाळी बॅटरी फुगलेली सापडते.

बॉडी आणि चॅसिस (खालचा सांगाडा) यांच्यामध्ये एक कनेक्टर हवाच, नाहीतर बॅटरी बदलताना बॉडी उचलली की सगळ्या तारा उपटून हातात येतात. बॉडी कुशीवर वळवता येईल इतकी, म्हणजे दहा-बारा सेंटिमीटर, तारांना ढील ठेवायची आणि ती स्पर गिअरपासून, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या दातेरी चाकापासून, लांब बांधायची. डाख देण्याचं काम बॉडीबाहेर, टेबलावर. गरम सोल्डरिंग आयर्न पत्र्याला नुसतं टेकलं तरी तिथे कायमचा खड्डा.

ब्रेक लाइट आपोआप लागावा यासाठी थ्रॉटलच्या (वेगाच्या) चॅनेलला दोन फाट्यांची वाय केबल लावून एक फाटा लाइट कंट्रोलरला देतात. तो सिग्नलच्या पल्सची लांबी मोजतो: 1500 मायक्रोसेकंद म्हणजे मधोमध, एका बाजूला पुढे, दुसऱ्या बाजूला ब्रेक. गाडी पळताना ब्रेक लाइट लागत असेल तर दिशा कंट्रोलरमध्ये उलटवावी. ट्रान्समीटरमध्ये उलटवली तर गाडीच मागे पळेल. साध्या कंट्रोलरला ब्रेक आणि रिव्हर्समधला फरक कळत नाही. थ्रॉटल मागे नेला की ईएससी पहिल्या खेचीला ब्रेक आणि दुसऱ्या खेचीला रिव्हर्स समजते, तेव्हा खेची मोजणारा कंट्रोलर असेल तरच पांढरा रिव्हर्स लाइट खरं बोलतो.

इंडिकेटर स्टिअरिंगच्या चॅनेलवर चालतात. खऱ्या गाड्यांना मिनिटाला 60 ते 120 लुकलुकी असा नियम आहे. 90 ठेवली की नजरेला पटतं. ट्रिम, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य ठरवणारी जुळणी, जरा हललेलं असलं तर सरळ जातानाही एक बाजू लुकलुकत राहते, म्हणून मधोमध दोन्हीकडे थोडा निष्क्रिय पट्टा ठेवायचा. चाक वळल्याशिवाय इंडिकेटर लागत नाही, म्हणजे गाडी आधी वळते आणि मग कळवते. आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या डोळ्यांना त्यात काही खटकत नाही. खटकतं ते ड्रिफ्टला. तिथे गाडी डावीकडे घसरत वळत असते आणि पुढची चाकं तोल सावरायला उजवीकडे वळलेली असतात, त्यामुळे वळण डावं आणि लुकलुकतो उजवा. म्हणून ड्रिफ्टवाले इंडिकेटरच्या तारा सोडून देतात, किंवा दोन्ही बाजू तिसऱ्या चॅनेलच्या बटणाला जोडून हॅझर्ड म्हणून वापरतात, गाडी कडेला उलटी पडली की.