रिकामी यादी

तारखा एका साच्यातून दुसऱ्या साच्यात बदलणारं फंक्शन आमच्या कोडमध्ये आधीपासून होतं. तरी एजंटने, म्हणजे आमच्यासाठी कोड लिहिणाऱ्या एआय मॉडेलने, पुल रिक्वेस्टमध्ये (कोडमधला बदल तपासणीसाठी मांडतात त्यात) तेच काम करणारं दुसरं फंक्शन लिहून दिलं. नाव वेगळं, सोबत टेस्टही, आणि टेस्ट सगळ्या पास. रिव्ह्यू करणाऱ्या मुलीने चॅटवर एवढंच लिहिलं, "आधी शोधायचं असतं हे याला कोण सांगणार?" आणि खाली मला टॅग केलं.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. रिपॉझिटरीवर, म्हणजे आमच्या कोडच्या साठ्यावर, काम करण्यासाठी आमच्याकडे घरचीच काही टूल्स आहेत: कोड शोधणं, फाइल वाचणं, कुठली ओळ कुणी बदलली ते पाहणं, मर्ज झालेल्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलेल्या, ब्रांच (कोडच्या स्वतंत्र शाखा) उडवणं. इतकी वर्षं ती माणसं वापरत होती. आता एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या मॉडेलला बाहेरची टूल्स जोडणाऱ्या पद्धतीतून ती एजंटच्या हाती दिली होती आणि त्यांची वर्णनं तपासायचं काम माझ्याकडे आलं होतं.

टीममध्ये तोवर निकाल लागलेला होता: मॉडेल कच्चं आहे. मी म्हटलं, आधी त्या सेशनचा लॉग द्या.

लॉगमध्ये एजंटने शोधलेलं स्पष्ट दिसत होतं. तिकिटातल्या (कामाच्या नोंदीतल्या) वर्णनावरून त्याने फंक्शनचं नावसुद्धा अचूक ओळखलं होतं. उत्तर आलं रिकामी यादी. त्याने स्पेलिंग बदलून पाहिलं, मग नुसता नावाचा तुकडा घेतला. पुन्हा रिकामी यादी. मग त्याने नोंद केली की असं फंक्शन या रिपॉझिटरीत नाही, नवीन लिहितो. हातात जेवढं होतं तेवढ्यावरून मीही तेच म्हटलं असतं.

फंक्शन होतं रिलीज ब्रांचवर आणि काम चाललं होतं तेही त्याच ब्रांचवर. ते अजून मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रांचमध्ये, आलं नव्हतं, आणि आमच्या शोधाची अनुक्रमणिका फक्त मेनची बनते. ही गोष्ट ऑफिसमध्ये झाडून सगळ्यांना माहीत होती आणि लिहिलेली कुठेच नव्हती. नवा माणूस अडला की शेजारचा खुर्ची न वळवता सांगतो, "तिथे नाही मिळणार रे, लोकलला ग्रेप मार." म्हणजे स्वतःच्या मशीनवरच्या कोडमध्ये ग्रेप या शोधाच्या कमांडने बघ. एजंटला शेजारी नसतो.

अँथ्रोपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी खुलं केलं. त्यात टूलची ओळख मुख्यतः तीन गोष्टींतून होते: नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कशा रूपात द्यायची त्याचा आराखडा). टूलच्या आत काय चालतं ते मॉडेलला दिसत नाही, आणि आमची विकी तर त्याने कधी उघडलेलीच नसते. शोध टूलचं वर्णन होतं, "रिपॉझिटरीमध्ये कोड शोधते." वाक्य खरं, पण अर्धं.

मग मी बाकीची वर्णनंही त्याच नजरेने चाळली. फाइल वाचायला दोन टूल्स निघाली, 'गेट फाइल' आणि 'रीड फाइल'. दोन्हींचं वर्णन जवळपास सारखं. पहिलं सर्व्हरवरच्या मेनमधून वाचतं, दुसरं चालू वर्किंग कॉपीतून, म्हणजे ज्यात काम चाललंय त्या प्रतीतून. म्हणजे एजंट एकातून वाचून दुसऱ्यात बदल करू शकत होता, आणि त्यातल्या ओळी जुळतीलच याची खात्री नव्हती. ओळक्रमांकाची तर वेगळीच गंमत: एक शून्यापासून मोजतं, दुसरं एकापासून. ब्रांच उडवणाऱ्या टूलवर धोक्याची खूण नव्हती. मार्च 2025 च्या आवृत्तीपासून प्रोटोकॉलमध्ये 'हे टूल फक्त वाचतं' किंवा 'हे टूल नासधूस करू शकतं' असं सुचवायची सोय आहे. ती फक्त सूचनाच असते, कुलूप नव्हे, पण निदान ती तरी द्यावी.

शोध टूल लिहिणाऱ्याला गाठलं. तो वैतागला. "अगं, गिटहबचा कोड सर्चही डीफॉल्ट ब्रांचच शोधतो. मी काय जगावेगळं केलंय?"

"काही नाही," म्हटलं, "पण त्यांनी ते लिहून ठेवलंय."

त्यावर तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. दोघांनी मिळून नवं वर्णन केलं: "फक्त मेन ब्रांचच्या अनुक्रमणिकेत शोधते. दुसऱ्या ब्रांचवरचा किंवा अजून कमिट न झालेला कोड यात दिसत नाही. रिकामी यादी आली म्हणजे कोड अस्तित्वात नाही असं समजू नये. वर्किंग कॉपीत गिट ग्रेपने शोधावं." शेवटच्या सूचनेला त्याने एक पुरवणी जोडली, ती मला सुचली नसती. गिट ग्रेपला काही सापडलं नाही तर ते काहीही न छापता 1 हा एक्झिट कोड (काम संपताना कमांड देते तो आकडा) देतं आणि एजंट त्याला बिघाड समजून भलतीकडे वळू शकतो. तेही लिहिलं.

तेच तिकीट नव्या सेशनला दिलं. रिकामी यादी आल्यावर एजंट वर्किंग कॉपीकडे वळला, फंक्शन सापडलं आणि पुल रिक्वेस्ट चार ओळींची झाली.

संध्याकाळी टीमच्या लीडने हरकत घेतली आणि ती रास्त होती. आमच्या मांडणीत सगळ्या टूल्सची वर्णनं प्रत्येक सेशनच्या सुरुवातीलाच मॉडेलपुढे ठेवली जातात. शोधाची गरज असो वा नसो, माझा परिच्छेद तिथे जागा अडवून बसणार. "प्रत्येक टूलला असं लिहिलंस तर कामाला जागा काय उरेल?" मी वाद घातला. कापायचं काय? प्रत्येक वाक्यामागे एक खरी अडचण होती.

टूलवाला इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, हे आधीपासून सांगायचंच कशाला? ज्याची यादी रिकामी आली, त्यालाच सांगू. त्याने टूलचं उत्तरच बदललं. आता नुसत्या रिकाम्या यादीऐवजी मजकूर येतो: "मेन ब्रांचमध्ये शोधलं, 0 निकाल. तुमची चालू ब्रांच वेगळी आहे. तिथे गिट ग्रेप वापरून पाहा." ग्रेपच्या एक्झिट कोडची टीपही तिथेच गेली. माझ्या वर्णनातलं पहिलं वाक्य तेवढं त्याने ठेवलं, बाकीची उडवली. मी तो बदल मंजूर केला आणि 'गेट फाइल' उघडलं.