आमची वाटचाल : हायड्रॉलिकच्या स्पूलपासून पाऊण सीसीच्या इंजिनापर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतील आमचे छोटे वर्कशॉप हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या जॉबवर्कवर उभे राहिले. व्हॉल्व्हच्या बॉडीतील बोअर (गोल भोक) होनिंग करणे, म्हणजे आतून घासून मापात आणणे, आणि त्यात सरकणारी दांडी, म्हणजे स्पूल, काही मायक्रॉनची फट ठेवून लॅप करणे, म्हणजे बारीक पेस्टने घासून जुळवणे, हे काम वडिलांनी सुरू केले आणि कामगारांचे पगार आजही त्यातूनच निघतात. फाउंड्री, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट हे सारे गावातच होत असल्यामुळे एखादाच नग करायचा असला तरी आमचे काम अडत नाही, आणि जुन्या मॉडेल विमानांच्या इंजिनांकडे वळण्याचे धाडस आम्ही केले ते या सोयीच्या भरवशावरच.

पहिले इंजिन घेऊन आले ते हवाई दलातून निवृत्त होऊन टिळकवाडीत स्थायिक झालेले एक काका. ब्रिटिश मिल्स इंजिनाच्या धर्तीवर आपल्याच देशात बनलेले ते पाऊण सीसीचे डिझेल होते. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेल्यांच्या कपाटांत अशी इंजिने अजूनही निघतात. याला स्पार्क प्लग नसतो आणि तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लगही नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल साधारण समप्रमाणात मिसळलेले इंधन नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेटते, आणि तो दाब कमी-जास्त करण्यासाठी सिलिंडरच्या माथ्याशी कॉन्ट्रा-पिस्टन नावाचा दुसरा, स्क्रूने खाली ढकलता येणारा पिस्टन असतो. मुख्य पिस्टनला रिंगा नसल्यामुळे सारी मदार पिस्टन आणि बोअर यांच्या फिटिंगवर असते, म्हणजे आम्ही रोज करतो त्याच कामावर.

तरीही आमची विद्या इथे जशीच्या तशी चालणारी नव्हती. हायड्रॉलिकमध्ये बोअर वरपासून खालपर्यंत सरळ लागतो. हवेच्या दाबावर बोअर मोजणाऱ्या एअर गेजवर टेपर (निमुळतेपणा) दिसला की नग रिजेक्ट. या इंजिनांत मात्र बोअर वरच्या टोकाकडे किंचित निमुळता असावा लागतो, कारण पिस्टन माथ्याशी घट्ट बसून दाब धरतो आणि खाली येताना मोकळा होतो. हे आम्हाला समजावले ते कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थांनी, आणि तेही कागदावर आकृती काढून नव्हे. त्यांनी स्वतःचे चालू स्थितीतील इंजिन उघडून पिस्टन आमच्या लॅपिंगच्या कारागिराच्या हातात दिला आणि सुट्या लाइनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यात) खालून बोटाने सरकवायला सांगितला. अर्ध्यापर्यंत तो सहज गेला, मग जड झाला, आणि शेवटच्या टप्प्यात अडला. त्या कारागिराला मराठी जेमतेम येते, पण पुढचे काही सांगावे लागले नाही.

काकांच्या इंजिनाला नवा पिस्टन लागेल असे त्यांचे स्वतःचे मत होते. कोल्हापूरकरांनी मात्र प्रोपेलर फिरवण्याआधी माथ्यावर तेलाचा थेंब सोडला. बुडबुडे स्क्रूच्या आट्यांतून आले, म्हणजे दाब कॉन्ट्रा-पिस्टनच्या कडेने निसटत होता. ओतीव लोखंडाच्या कांडीतून बोअरपेक्षा किंचित मोठा कॉन्ट्रा-पिस्टन बनवून, लॅप करून तो दाबून बसवला. मूळ पिस्टनला हातही लावला नाही. तेव्हापासून आधी गळती कुठून आहे ते पाहिल्याशिवाय आम्ही कोणताही दर सांगत नाही.

नंतर ग्लो प्लगवर चालणारी इंजिनेही येऊ लागली. त्यांच्या इंधनातील मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळे काढलेल्या इंजिनाची बेअरिंगे बहुधा गंजलेली निघतात. क्रँककेस ओव्हनमध्ये तापवली की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि बेअरिंग लाकडावर हलके आपटताच बाहेर येते. जळून चिकटलेल्या एरंडेलाचा तपकिरी थर आम्ही गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर ठेवून काढतो. कॉस्टिक सोडा वापरून पाहण्याचा मोह कोणी करू नये, तो ॲल्युमिनियम खातो. (कूलंट विषारी असते, तेव्हा त्याचे पातेले पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.) जुन्या ब्रिटिश इंजिनांवरील बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) मापाच्या आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा असतो आणि आपल्या मेट्रिकचा साठ, म्हणून जवळच्या मापाचा मेट्रिक स्क्रू पिळून बसवला की क्रँककेसचे आटे जातात. बी.ए. आटे पाडण्याच्या टॅप आणि डाय आम्हाला पुण्याच्या एका छंदिष्टाने वापरायला दिल्या आहेत आणि अद्याप परत मागितलेल्या नाहीत.

हिशेबाच्या वहीत या कामाचा वाटा नगण्य आहे. एका लाइनरमागे जाणारा वेळ स्पूलच्या दराने लावला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून ही कामे शनिवारी दुपारनंतर घेतो. बफिंग करून इंजिन चकचकीत करून देण्याची मागणी आम्ही नाकारतो, कारण त्याने ओतकामावरील मूळ अक्षरे पुसट होतात. तडा गेलेला कनेक्टिंग रॉड वेल्डिंग करून देत नाही, नवा बनवतो. इंजिन पाठवणाऱ्यांनी ते उघडू नये, टाकी पूर्ण रिकामी करावी आणि सुटलेले स्क्रू, वायसर कितीही खराब असले तरी सोबत द्यावेत, कारण माप त्यांच्यावरूनच मिळते.