आजोबांचे मुदत खरेदीखत समजून घेताना

आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतला एक दस्त होता आणि घरात त्याचा उल्लेख नेहमी ‘गहाणखत’ असाच होत असे. पैसे फेडले की जमीन परत मिळेल, असे आत्या ठामपणे सांगे. ज्यांच्या ताब्यात ती जमीन तीन पिढ्यांपासून आहे, ते मात्र तिला खरेदीची म्हणत. वडिलांच्या पश्चात वारसनोंदीची कागदपत्रे जमवताना तो दस्त हाती आला, तेव्हा यातले खरे काय, हे एकदाचे पाहावे असे मी ठरवले.

ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोडी वाचून आशय सांगितला होता, पण वकिलांनी तो बाजूला ठेवला. पुराभिलेख संचालनालयाची मोडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या जाणकाराकडून अक्षरशः देवनागरी लिप्यंतर करून आणा, असे त्यांनी सांगितले. मला हा आग्रह फाजील वाटला होता. पुढे सगळा अर्थ एका वाक्यावर येऊन ठेपला तेव्हा तो पटला. दस्त शके 1860 चा, म्हणजे इसवी सन 1938 चा होता. मथळा ‘मुदत खरेदीखत’ असा होता. मजकुरात जमीन ‘खरेदी दिली’ असे म्हटले होते आणि त्याच कागदावर खाली, पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन माघारी द्यावी, न केल्यास खरेदी कायम समजावी, अशी अट होती.

दस्तातला सर्व्हे नंबर एकत्रीकरणानंतरच्या गट नंबराशी जुळवण्यात आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची नक्कल मिळवण्यात काही आठवडे गेले.

दस्त तीस वर्षांहून जुना असल्याने त्यातला मजकूर आपोआप खरा धरला जाईल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. योग्य ताब्यातून आलेल्या अशा दस्ताच्या सह्या आणि निष्पादन, म्हणजे तो खरोखर करून दिला गेला होता का, यांबाबत न्यायालय गृहीतक करू शकते; मजकुराच्या खरेपणाबाबत नव्हे. शिवाय दस्ताचे स्वरूप मथळ्यावरून ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58 मध्ये सशर्त विक्रीद्वारे गहाण हा प्रकार आहे, आणि 1929 च्या दुरुस्तीनुसार परतीची अट विक्रीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानता येत नाही. आमच्या दस्तात ती अट होती. तेवढ्यानेही गहाण सिद्ध होत नाही, पक्षकारांचा हेतू पाहावा लागतो. मात्र लिहून दिलेली रक्कम जमिनीच्या तेव्हाच्या किमतीच्या मानाने अगदी तुटपुंजी होती, त्यामुळे वकिलांचा कल गहाणाकडेच होता.

त्यानंतर जुना फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातली हक्कबदलाची नोंद, सापडला. 1943 नंतर ‘मुदत संपल्याने खरेदी कायम’ अशी नोंद झाली होती. ती वाचून मी खचलो, पण वकिलांना तिचे फारसे महत्त्व वाटले नाही: फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, आणि गहाण सोडवून घेण्याचा हक्क अशा नोंदीने संपत नाही. आमची बाजू जमेची वाटली ती एवढ्यापुरतीच.

कारण खरी अडचण दावा दाखल करण्याच्या मुदतीची होती. गहाण सोडवण्याच्या दाव्याला 1908 च्या मुदत कायद्यात साठ वर्षे होती, ती 1963 च्या कायद्याने तीस केली. पाच वर्षांची अट 1943 मध्ये पुरी झाली, म्हणजे आमचा दावा 1973 मध्येच मुदतबाह्य झाला होता. कब्जेगहाणाबाबत, म्हणजे रक्कम फिटेपर्यंत जमिनीचा ताबा गहाण घेणाऱ्याकडे राहतो अशा गहाणाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये असे ठरवले आहे की केवळ गहाणाच्या तारखेपासून मुदत सुरू होत नाही. त्या आशेने मी लिप्यंतर पुन्हा दोनदा वाचले. परंतु रक्कम फिटेपर्यंत ताबा ठेवावा, किंवा व्याजाऐवजी उत्पन्न घ्यावे, असा एकही शब्द त्यात नव्हता.

आत्याला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “म्हणजे गहाणच होतं ना?” होतं, असे मी म्हणालो. वारसनोंदीच्या अर्जातून तो गट मी वगळला.