बशीच्या पाठीवरचं गाव

लेकीकडे नॉटिंगहॅमला महिनाभर होते. लंडन झालं, स्कॉटलंड झालं. पण मन अडकलं ते एका बशीत.

डर्बीजवळच्या जुन्या बाजारात ती मिळाली. जोडीचा कप नाही, कडेचं सोनं झिजलेलं आणि केसासारखी बारीक चीर. म्हणून ३५ पौंडांत आली. मधल्या गोलात नदी, दोन झाडं आणि मागे करडा कडा. उलटी केली तर निळ्या शाईसारख्या अक्षरांत हाताने लिहिलेलं, 'मॅटलॉकजवळ, डर्बीशायर'. सोबत मुकुट, एकमेकींवर आडव्या दोन काठ्या, सहा ठिपके आणि डी हे अक्षर, ही डर्बीच्या चिनीमातीच्या कारखान्याची सव्वादोनशे वर्षांपूर्वीची खूण. बुडाच्या कडेला आतून एक इवलासा आकडा, तो सोन्याचं काम करणाऱ्याचा. चित्र काढणाऱ्याचं नाव मात्र नाही. त्या काळच्या डर्बीच्या मालावर सहसा नसतंच, आणि मला ते फार लागतं. झकरिया बोरमन १७८३ पासून डर्बीत अशी दृश्यं रंगवायचा. आधी फिकट सावल्या, मग त्यांवर पातळ रंग. माझ्या बशीतली झाडं तशीच आहेत, तरी तेवढ्यावरून ती त्याची म्हणायला मन धजत नाही.

बशी चांगली खोल आहे, कप टेकवायला मध्ये खळगाही नाही. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, त्या काळी इथेही लोक चहा बशीत ओतून प्यायचे. मला आमचे आजोबाच आठवले, पहाटे ओट्यावर बसून बशीला फुंकर घालणारे. घासाघीस करायची होती, ती राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी बशी टॉवेलात गुंडाळली आणि लेकीला घेऊन मॅटलॉकची गाडी धरली. ही छोटी गाडी डर्वेंट नदीच्या काठाकाठाने जाते. मॅटलॉक बाथला उतरलो तर रविवार! रस्ताभर मोटरसायकली, तळलेल्या माशांचा वास, बसायला एक बाक मोकळा नाही. रविवारी तिकडे जाऊ नका, अगदी कळकळीने सांगते. नदीचा आवाजसुद्धा कानावर येत नाही.

"आई, इथे काढू नकोस, पडेल," लेक म्हणत होती. मी काढलीच. समोर हाय टॉरचा चुनखडीचा कडा. बशी धरून मी काठाने पुढे गेले, मागे आले, पण चित्रातली जागा काही जुळेना. सव्वादोनशे वर्षांत झाडं किती माजली असतील. शेवटी पायऱ्यांवर टेकलो. लेकीने थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला.

चार वाजता ढग सरले आणि कड्यावर तिरपं ऊन आलं. इतका वेळ नुसता करडा दिसणारा दगड खालच्या अंगाला पिवळसर झाला. बशीतही कड्याच्या खालच्या अंगाला तोच पिवळा हात फिरवलेला आहे. बाजारात मला तो डाग वाटला होता.

"दाखव," म्हणत लेकीनेच बशी हातात घेतली.