रत्नागिरीचा एक दिवस : किल्ला, राजवाडा आणि बंदर

रत्नागिरीत अंतरे फारशी नसली, तरी चढ-उतार पुष्कळ आहेत, त्यामुळे एका दिवसात शहर पाहायचे तर कोणते ठिकाण कोणत्या वेळी गाठायचे हे आधीच ठरवावे लागते. आई-बाबांना घेऊन गेल्या फेब्रुवारीत मी गेलो, तेव्हा पहिला निर्णय रिक्षाचा होता. रेल्वे स्थानक शहराबाहेर असल्याने दिवसभरासाठी एकच रिक्षा ठरवली आणि थांबण्याच्या वेळेसह भाडे आधीच बोलून घेतले. माझ्या मनात राजवाडा पहिला होता, पण रिक्षावाले काका आईला म्हणाले, "मावशी, उन्हाच्या आत किल्ला करून घ्या, कातळ तापला की पाय ठेववत नाही." त्यांचे ऐकले.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला आहे. बालेकिल्ल्यावर भगवती देवीचे मंदिर आहे. पायऱ्या फार नाहीत. बाबा मध्येच एकदा बसले, एवढेच. तटावरून खाली बंदर आणि शहर यांची मांडणी एका नजरेत कळते, आणि पुढचा दिवस समजून घ्यायला हीच जागा सर्वांत उपयोगी ठरली.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मघर, जेथे त्यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी झाला, आणि भागोजीशेठ कीर यांच्या मदतीने 1931 मध्ये सर्व जातींसाठी खुले झालेले पतितपावन मंदिर ही दोन्ही ठिकाणे आम्ही जेवणापूर्वी पाहिली. त्या मंदिरामागे सावरकरांची प्रेरणा होती. 1924 ते 1937 या काळात जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर सरकारने त्यांना येथे ठेवले होते.

मात्र या शहरातला सर्वांत प्रदीर्घ बंदिवास ब्रह्मदेशाच्या राजाचा. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडाले घेऊन थिबाला पदच्युत केले आणि मद्रासमार्गे 1886 मध्ये येथे आणून ठेवले. रत्नागिरीच का, असे आईने विचारले. तेव्हा येथे रेल्वे नव्हती. मुख्य वाट समुद्राची, आणि पावसाळ्यात तीही बंद पडत असे. परदेशी राजाला त्याच्या माणसांपासून तोडून ठेवायला याहून सोयीची जागा कोणती? आम्ही रात्री गाडीत बसून सकाळी उतरलो होतो, त्यामुळे ते तुटलेपण कल्पनेनेच समजून घ्यावे लागले. राजवाडा 1910 मध्ये तयार झाला आणि 1916 मध्ये थिबा वारला, म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील शेवटची काही वर्षेच त्याला हे घर लाभले. आत आता शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. अशी संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून आम्ही वार पाहूनच निघालो होतो. मला तेथील मूर्तींपेक्षा उतरत्या छपरांची, लाकडी कामाची ती इमारतच अधिक पाहण्याजोगी वाटली, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना आम्ही तिघेही आपोआप हळू बोलू लागलो. थिबाची नात टुटू पुढे रत्नागिरीतच संसार करून 2000 मध्ये वारली, हे बाबांना ठाऊक नव्हते. त्यानंतर थिबाच्या समाधीपर्यंत जायचेच, असा त्यांनी आग्रह धरला. त्यासाठी भाट्याचा किनारा सोडावा लागला, आणि तो सोडला ते योग्यच झाले.

ऊन उतरल्यावर मांडवीच्या धक्क्यावर गेलो. मुंबईहून येणाऱ्या बोटी पूर्वी किनाऱ्यापासून दूर नांगर टाकत आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला येत. येथील वाळू काळसर असल्याने याला काळा समुद्र म्हणतात. मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. शेवटी मिरकरवाड्याला पोहोचलो, तर नौकांवर बर्फ चढत होता आणि खलाशी जाळी आवरत होते. पावसाळ्यात आलात तर हे दृश्य मिळणार नाही, असे काकांनी सांगितले. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि त्या काळात सगळ्या नौका किनाऱ्यालाच असतात. बाबांना मात्र बंदर तसेच पाहायचे आहे, त्यामुळे जुलैची तिकिटे काढायचे आता माझ्याकडे आले आहे.