पट जुळला होता

गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या ज्या शाळेविषयी लिहीत आहे, तिचे नाव देणार नाही. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षिका, कौलारू छप्पर आणि मागे सुपारीचे कुळागर, एवढ्या वर्णनाच्या शाळा आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्या शाळेच्या आकड्यांत चूक नव्हती, म्हणूनच ती माझ्या डोक्यातून जात नाही.

मी समूह साधन केंद्रात काम करते. शाळांतून आम्हाला सीआरपी, म्हणजे क्लस्टर रिसोर्स पर्सन, म्हणतात. शिक्षकांना अध्यापनात साहाय्य करणे हे नेमणूकपत्रातील काम. प्रत्यक्षात शाळा सुरू होऊन स्थिरावल्या की माझा निम्मा वेळ यू-डायस प्लस या देशभरातील शाळांची माहिती नोंदवायच्या पोर्टलवर जातो. पूर्वी ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख असे. त्या दिवशी कोणत्या इयत्तेत किती मुलगे आणि किती मुली, एवढे आकडे शाळेने भरले की काम संपे. २०२२-२३ पासून बेरजेच्या जागी प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद आली. आता प्रत्येक मुलाला पेन नावाचा अकरा अंकी कायम क्रमांक असतो आणि मूल शाळा बदलते तेव्हा तो क्रमांक त्याच्याबरोबर जातो. मूल शाळेतून गेले की जुनी शाळा त्याला ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये टाकते आणि नवी शाळा पेन व जन्मतारीख देऊन तेथून उचलून घेते. कागदावर ही रचना इतकी देखणी आहे की पहिल्या प्रशिक्षणात मला ती मनापासून आवडली होती. अजूनही आवडते.

गोव्यात हे काम करणाऱ्याला आधी नावांशी झुंजावे लागते. एकाच घरातील आजोबांच्या जन्मनोंदीत नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून, लिहिलेले असते. वडिलांच्या दाखल्यात तेच उतरते, आईने काढलेल्या मुलाच्या आधार कार्डावर मात्र सरळ के येतो. पोर्टलला नाईक आणि नाईक ही दोन वेगळी माणसे वाटतात. गावकर आडनावाची किती रूपे मी पाहिली आहेत, हे सांगत बसले तर मूळ विषय राहून जाईल. मात्र ‘नाव जुळत नाही’ असा लाल शेरा पडला की पालकांना दिवसाची मजुरी बुडवून आधार केंद्रावर जावे लागते, आणि तेथील संगणकापुढे बसलेला तरुण त्यांना शाळेचाच दाखला घेऊन या म्हणून परत पाठवतो. या फेऱ्यांचा हिशेब कोणीही ठेवत नाही.

त्या दिवशी मी शाळेत गेले ती अशाच एका लाल शेऱ्यासाठी. चतुर्थीची सुट्टी संपून तीन आठवडे झाले होते, पाऊस थांबून थांबून येत होता आणि पोर्टलवरील माहिती प्रमाणित करण्याची मुदत जवळ आली होती. माझी एक सवय आहे आणि तिचा मला थोडा अभिमानही आहे: कोणत्याही शाळेत गेले की तीन वह्या शेजारी-शेजारी उघडून ठेवायच्या. पहिली जनरल रजिस्टर, दुसरी वर्गाचा हजेरीपट, तिसरी माध्यान्ह आहाराची. पहिल्या वहीत प्रवेश दिसतो, दुसरीत उपस्थिती आणि तिसरीत भूक. या तिन्हींत ताळमेळ असला म्हणजे पोर्टलची छापील प्रत काढायची. ज्या शाळांत आकड्यांचा घोळ असतो, तेथे तो बहुतेक वेळा पहिल्या दोन वह्यांत लपवलेला असतो. तिसऱ्या वहीकडे लक्ष द्यायचे मात्र लोक विसरतात.

जनरल रजिस्टरप्रमाणे पट एकतीस. पोर्टलवरही एकतीस. हजेरीपटावर एकतीस नावे होती. त्यांपैकी तिसरीतील एक मुलगी आणि दुसरीतील तिचा भाऊ यांच्यापुढे जूनपासून ओळीने ‘गै’ लिहिलेले होते. म्हणजे सगळी मुले आली तरी त्या दिवसापर्यंतची कमाल उपस्थिती एकोणतीस. आहाराच्या वहीत मात्र चतुर्थीनंतरच्या काही दिवशी लाभार्थी एकतीस होते.

मी काही विचारणार तोच बचत गटाची बाई भाजी-पाव घेऊन आली. पाव मोजून आणलेले असतात. त्यात चूक झाली तर भुर्दंड तिच्याच माथी. “किती आणले?” मी विचारले. “एकतीस. आज सगळी भुरगीं आल्यांत,” ती म्हणाली आणि पातेले उतरवू लागली. मी व्हरांड्यात उभी राहून डोकी मोजली. एकतीसच भरली.

मुख्याध्यापिका वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठ्या असतील, म्हणून मी त्यांना बाई म्हणते. त्यांनी काही लपवले नाही. कपाट उघडून हजेरीपट पुन्हा काढला आणि शेवटचे पान उघडून माझ्यापुढे ठेवला. त्या पानावर दोन नावे पेन्सिलीने लिहिलेली होती. त्यांना हजेरी क्रमांक नव्हता, पण तारखा आखलेल्या होत्या आणि रोजची खूण केलेली होती. ताप आलेल्या दोन दिवसांपुढे ‘ताप’ असेही लिहिले होते. त्या शाळेतील सर्वांत काटेकोर नोंद ती होती, असे मी आजही म्हणेन.

झाले होते असे. हजेरीपटावर ‘गै’ असलेली दोन भावंडे कुळागरातील राखणदाराची. मे महिन्यात ती आईवडिलांबरोबर कर्नाटकात गावी गेली आणि परतली नाहीत. आदल्या वर्षी ती अशीच गेली होती आणि ऑगस्टमध्ये परत आली होती, म्हणून बाईंनी त्यांची नावे पोर्टलवर पुढच्या इयत्तेत चढवून ठेवली. बागेच्या मालकाकडे चौकशी केली तेव्हा फोन बंद लागतो एवढेच कळले. पेन्सिलीने लिहिलेली दोन मुले दुसऱ्या एका कुटुंबाची. ते कुटुंब चतुर्थीनंतर बांधकामाच्या कामावर आले होते. थोरली चौथीची, धाकटा दुसरीचा. तो अजून मनात ओंदु, एरडु, मूरु असे मोजून मग उत्तर मराठीत सांगतो. त्यांची गावातील शाळा त्यांना सोडायला तयार नव्हती. तेथील पटावर ती हजर होती, त्यामुळे आमच्या पोर्टलला ती दिसत होती, पण घेता येत नव्हती. नवीन म्हणून नोंदवली असती तर एका मुलाचे दोन पेन झाले असते. यू-डायसच्या हिशेबात त्याहून मोठा गुन्हा नाही.

“पण बाई, जनरल रजिस्टरमध्ये तरी त्यांना घ्यायला हवे होते,” मी म्हणाले. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ स्पष्ट सांगते, हेही त्यांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“घेतले असते. पण मग रजिस्टरात तेहेतीस झाले असते आणि पोर्टलवर एकतीस. जुलैच्या बैठकीत तुम्हीच म्हणाला होता ना, दोन्हींत एकाचाही फरक दिसता कामा नये?”

म्हणाले होते. त्याच शब्दांत म्हणाले होते, आणि ते वाक्य बोलताना आपण फार शिस्तीचे बोलत आहोत असे मला वाटले होते, हेही आठवते.

मुलीच्या आईच्या फोनमध्ये प्रगतिपत्रकाचा फोटो होता. त्यावरून तेथील शाळेचा क्रमांक काढला आणि बाईंच्या टेबलावरूनच फोन लावला. पलीकडचे मास्तर मोडक्या हिंदीत बोलत होते, माझी हिंदीही त्यांच्याहून बरी नव्हती. ते म्हणाले की मुले दसऱ्याला नक्की परत येतील, त्यांची शाळा लहान आहे, दोन नावे कमी झाली तर एका शिक्षकाच्या जागेवर गदा येईल. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे ९० पर्यंत तीन. त्यांचा पट या रेषेच्या कोणत्या बाजूला होता ते मी विचारले नाही, पण त्यांचा स्वर रेषेजवळच्या माणसाचा होता. फोन ठेवला तेव्हा बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या मास्तरांवर मला रागावताही येईना, कारण राखणदाराच्या मुलांच्या बाबतीत आम्ही नेमके तेच करत होतो. तिकडच्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटात शेवटच्या पानावर आमची दोन नावे पेन्सिलीने लिहिलेली असतील, अशी आशा करणे एवढेच आमच्या हातात होते.

आमच्याकडची रेषा वेगळी. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेला मिळणारे वार्षिक संयुक्त अनुदान पटावर ठरते: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,०००. मधला फरक १५,००० रुपयांचा. शहरातील माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पावसाळ्याआधी कौले परतणे, शौचालयाची दुरुस्ती, झेरॉक्सची उधारी आणि खडू यांत ती कधी संपते ते कळत नाही. मराठी शाळा वाचवा म्हणून सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांची मुले सकाळी अनुदानित शाळेच्या पिवळ्या बालरथ बसमध्ये बसतात, तेही या निमित्ताने एकदा मोजायला हरकत नाही. आमच्या या शाळेचा पट आज ज्यांच्यामुळे टिकून आहे, त्यांतील निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत.

मी त्या दिवशी जे केले ते नियमाला धरून होते. बांधकामावरच्या दोन्ही मुलांना बाईंनी माझ्यासमोर शाईने जनरल रजिस्टरमध्ये घेतले. राखणदाराच्या मुलांपुढे ‘शाळा सोडली’ असा शेरा लिहिला आणि पोर्टलवर त्यांना ड्रॉप बॉक्समध्ये टाकले. बटण दाबण्याआधी बाईंनी विचारले, “ती परत आली तर?” परत घेता येते, मी सांगितले. हे खरे आहे. पेन आणि जन्मतारीख लागते, आणि दोन्ही आमच्याकडे आहेत. आता रजिस्टरात एकतीस, वर्गात एकतीस आणि पोर्टलवर एकोणतीस. आयुष्यात प्रथमच मी न जुळणारा पट घेऊन कार्यालयात गेले.

तेथे मी दोन मुलांचे सविस्तर टिपण जोडले. वरिष्ठांनी ते वाचलेही, पण पोर्टलवर असा खुलासा लिहायला जागा नाही. “पोर्टल म्हणते तो पट,” ते म्हणाले. त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे अख्ख्या तालुक्याच्या शाळा होत्या आणि जिल्ह्याकडून दर दोन तासांनी कोणाचे प्रमाणीकरण राहिले त्याची यादी येत होती. त्या यादीत आमचा तालुका हिरवा व्हायला हवा होता. संध्याकाळपर्यंत झाला. एकोणतीस प्रमाणित झाले.

तिकडच्या मास्तरांनी मुले सोडली, पण प्रमाणीकरण झाल्यावर. दसऱ्याला ती गावी गेली नाहीत हे त्यांना कळले असावे, किंवा त्यांच्याकडेही माझ्यासारखी कोणी तीन वह्या उघडून बसली असावी. बाईंनी त्याच दिवशी दोघांना उचलून घेतले आणि मला फोन केला. पुढच्या वर्षी ही मुले मोजली जातील. या वर्षीचे अनुदान एकोणतिसावर ठरले.

२०२३-२४ मध्ये देशाचा शालेय पट सुमारे २४.८ कोटी आला, आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३७ लाखांनी कमी. प्रत्येक मुलाची नोंद होऊ लागल्याने दुहेरी नावे गळाली, असे त्याचे एक कारण सांगितले गेले आणि ते मला पटते. मी स्वतः अशी नावे गाळली आहेत. पण दोन ठिकाणी मोजलेले मूल आणि कोठेच न मोजलेले मूल, दोन्ही माझ्या पडद्यावर एकाच पद्धतीने नाहीसे होतात, एका ओळीने. एखादे नाव गाळताना माझा हात आता थांबतो, आणि मुदतीच्या दिवसांत थांबलेला हात म्हणजे कामचुकारपणा समजला जातो.

जुलैच्या बैठकीतील ते वाक्य मी पुढच्या बैठकीत मागे घेतले. फरक असेल तर दिसू द्या, त्याखाली कारण लिहा, असे सांगितले. एका मुख्याध्यापकांनी विचारले की कारण लिहायची जागा कोठे आहे. मी म्हणाले, हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर. लोक हसले, पण ते विनोदाने बोलले नव्हते.

बाईंच्या शाळेत गेले की त्या आपणहून लॉगिन उघडून ड्रॉप बॉक्सची यादी माझ्यापुढे ठेवतात. राखणदाराची मुले उचलून घ्यायला कोठल्याच शाळेने मागितलेली नाहीत. परवाही दोन्ही नावे तेथेच होती. थोरलीच्या नावापुढे इयत्ता तिसरी.